वायरिंगच्या बाई

बाई कुठल्याही लोखंडी वस्तूला आधी उलटा हात लावायच्या. कपाट असो, खिडकीचा गज असो, एसटीच्या दाराची दांडी असो. बोटांची मागची बाजू क्षणभर टेकवायची आणि मगच हात सुलटा करून धरायचं. स्टाफरूममध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा मी पुढे केलेल्या खुर्चीलाही त्यांनी असाच हात लावला. मला वाटलं, आमच्या खुर्चीवरची धूळ बाईंना आवडलेली दिसत नाही.

पुढे एकदा विचारलं तेव्हा त्या हसल्या.

"करंट असला तर मूठ आपोआप आवळते, सर. तळहात लावला की वस्तू धरली जाते, मग सुटत नाही. उलटा हात झटका बसून लांब जातो." आणि मग त्यांचं नेहमीचं वाक्य, "आधी उलटा, मग सुलटा."

हे वाक्य त्यांनी परिपाठात सगळ्या शाळेला म्हणायला लावलं होतं. पाचवीच्या पोरांना तो खेळच वाटायचा. एकमेकांच्या पाठीला उलटा हात लावून पळायची.

आमची शाळा बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेला. मी बावड्याहून यायचो, बाई बारामतीहून. हेडसरांनी "व्यवसाय शिक्षणाच्या नवीन मॅडम" एवढीच ओळख करून दिली होती, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी आपापल्या मनाने शिवण, पार्लर असं काहीतरी धरून ठेवलं. एका शिक्षिकेने तर लगेच विचारलं, "स्नेहसंमेलनाला मुलींच्या हातावर मेंदी काढाल ना?"

"मेंदी येत नाही," बाई म्हणाल्या. "मोटार भरायला येते."

वडिलांचं बारामतीत मार्केट यार्डाच्या बाजूला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यात पुन्हा तांब्याची तार भरून द्यायची. बाई त्या दुकानातच वाढल्या. पुढे आयटीआय केलं, तेव्हा सगळ्या तुकडीत त्या एकट्याच मुलगी. आमच्या शाळेत नववी-दहावीला वीजकाम शिकवायला त्यांना एका एजन्सीने पाठवलं होतं. करार अकरा महिन्यांचा. तुम्ही शाळेत नोकरी केली असेल तर ठाऊक असेल, स्टाफरूममध्ये कायम माणसाची खुर्ची आणि कराराच्या माणसाची खुर्ची या दोन वेगळ्या वस्तू असतात. बाई दाराजवळच्या खुर्चीत बसत.

आमच्या डोक्यावरचा पंखा दोन वर्षं रडत फिरत होता. "म्हातारा झालाय बिचारा," असं म्हणून आम्ही वर्तमानपत्राने वारा घ्यायचो. बाई चौथ्या दिवशी नववीच्या दोन मुली आणि एक स्टूल घेऊन आल्या. बटण बंद केलं, एका मुलीला बटणापाशी पहाऱ्याला उभं केलं, दुसरीला वर चढवलं. दहा मिनिटांत पंखा असा फिरायला लागला की माझ्या टेबलावरचे निबंध व्हरांड्यात गेले.

"म्हातारा नव्हता, सर," निबंध गोळा करता करता बाई म्हणाल्या. "कंडेन्सर गेला होता. विचारलंच नाही कुणी त्याला."

स्टुलावर चढलेली ती मुलगी म्हणजे कोमल. मराठीच्या तासाला शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसणारी. दोन वर्षांत मी तिचा आवाज मोजून चार वेळा ऐकला असेल. त्या दिवशी माझी पिनांची डबी खाली सांडली तेव्हा ती वरून ओरडली, "सर, पिना उचला की, पायात जातील!" मी मुकाट्याने पिना उचलल्या.

बाईंच्या वर्गात फळ्यावर कायम एक चित्र असे. मध्ये "दहावी" आणि तिथून निघालेल्या रेघा. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स या तीन रेघा सगळ्यांना पाठ होत्या. बाई त्यापुढे काढत जायच्या. आयटीआय. आयटीआय करून कारखान्यात शिकाऊ म्हणून. तिथून कायम, किंवा पुन्हा शिक्षण, डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला. मग इंजिनिअरिंग. प्रत्येक रेघेला किती वर्षं, कुठली बस, वसतिगृह आहे की नाही, हेसुद्धा लिहिलेलं. बारामतीच्या एमआयडीसीत त्या पोरांना घेऊन जात. दूध डेअरीत नेऊन थंड खोलीच्या मागची यंत्रं दाखवत. परत येताना बसमध्ये पोरं दुधाबद्दल नाही, विजेच्या पॅनेलबद्दल भांडायची.

पालकसभेत एक गृहस्थ म्हणाले, "नापास झाला तर आयटीआयला टाकू. पास झाला तर पुढचं बघू."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मग तुमच्या घरची वायरिंग कुणाकडून करून घ्याल? नापास झालेल्याकडून?" सभा हसली. ते गृहस्थही हसले. बाई हसल्या नाहीत.

कोमलला आयटीआयला जायचं होतं, इलेक्ट्रिशियनच व्हायचं होतं. अडचण तिच्या आजोबांची होती. आबांच्या मागल्या पिढ्या मेंढरं घेऊन फिरल्या, आबांनीही अर्धं आयुष्य रानोमाळ काढलं. आता घरी थोडी शेती, मुलगा ट्रॅक्टर चालवायचा. घरात शब्द आबांचा. बाई दोनदा त्यांच्या वस्तीवर जाऊन आल्या होत्या. आबांनी चहा पाजला आणि सांगितलं, "पोरीच्या जातीनं खांबावर चढायचं व्हय? न्हाय जमायचं."

म्हणून बाईंनी जानेवारीतलं प्रदर्शन मनावर घेतलं. पोरांनी केलेली कामं मांडायची, पालकांना बोलवायचं, एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांची माणसं बोलवायची. पोरांची कामं पाहून पुढे शिकाऊ म्हणून घेण्याचा विचार करू, असं त्या माणसांनी कबूल केलं होतं. आबांनी फक्त पाहायला यायचं कबूल केलं. दोन महिने ती पोरं सुट्टीच्या दिवशीही शाळेत होती. बाईंच्या कराराची मुदतही त्याच सुमाराला संपत होती, आणि हे प्रदर्शन चांगलं झालं तर करार वाढेल असं हेडसरांनी त्यांना सांगितलं होतं. थोडक्यात, तो कार्यक्रम व्हावा असं शाळेत सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल तर ते बाईंना. पुढचं सांगण्याआधी एवढं ध्यानात ठेवा.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी दहाला मांडव भरलेला होता. मी सूत्रसंचालक, माईक हातात घेऊन "हॅलो, हॅलो" करत होतो. मांडववाल्याने चार मोठे स्टँडचे पंखे आणून लावले होते. ज्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ शाळेला स्टीलचा थंड पाण्याचा कूलर दिला, ते देणगीदार प्रमुख पाहुणे होते. त्यांची गाडी इंदापुरातून निघाल्याचा फोन आला.

तेवढ्यात पाचवीतली सानिका रडत बाईंच्या वीजकामाच्या प्रयोगशाळेच्या दारात आली. उजवा हात डाव्या हातात धरलेला.

"मॅडम, नळ चावला."

बाईंनी तिचा हात पाहिला. "कसा लावला होतास?"

"उलटा."

बाई धावल्या. मी त्यांना धावताना पहिल्यांदाच पाहिलं. कूलरसमोर पंधरा-वीस लहान पोरांची रांग. चपला बाहेर काढलेल्या, पाय ओल्या फरशीवर. पुढच्या पोराचा हात नळापासून वीतभर.

"मागं व्हा! कुणी शिवायचं न्हाय! मागं!"

त्यांचा तो आवाज ऐकून मांडवातल्या बायासुद्धा उठून उभ्या राहिल्या. पोरं मागे सरली. बाईंनी खिशातून टेस्टर काढून नळाला लावला. तो लाल पेटला. त्यांनी कूलरचं बटण बंद केलं आणि पुन्हा लावला. पुन्हा पेटला. बटण बंद, तरी नळात करंट. बाई तिथून संगणकाच्या खोलीत गेल्या, तिथल्या लोखंडी डब्याला टेस्टर लावला. तिथेही लाल.

आता त्यांचा चेहरा बदलला.

हेडसर धापा टाकत आले. "काय झालं? तो कूलर बंद करा, पाटी लावा, झालं. पाहुणे पोचतायत."

"कूलर बिघडलेला नाही, सर. कुठूनतरी अर्थिंगच्या, जमिनीत जाणाऱ्या तारेत करंट आलाय. ती तार सगळीकडं गेलीय. शाळेत जिथं जिथं लोखंड जोडलंय, तिथं तिथं करंट आहे. मेन स्विच पाडावा लागेल."

"आत्ता?"

"आत्ताच."

"दोन तास," हेडसर म्हणाले. आवाज खाली आणला. "फक्त दोन तास, मॅडम. तुमचाच कार्यक्रम आहे. तुमच्याच कराराचं आहे. नंतर पाडा, दिवसभर पाडा."

बाई मेन स्विचच्या खोलीकडे निघाल्या. हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माईक हातात तसाच धरून, त्याची लांब वायर ओढत त्यांच्या मागे गेलो. खरं सांगतो, मलाही तेव्हा वाटलं होतं की बाई फार ताणतायत.

"बाई, नळाला दोरी बांधू," मी म्हणालो. "दोन मोठी पोरं उभी करू. कुणी जाणार नाही तिकडं."

त्या थांबल्या. माझ्या हाताकडे पाहून म्हणाल्या, "सर, तुमच्या हातातला माईक लोखंडी आहे."

मी माईक खाली ठेवला.

बाईंनी मेन स्विचचा दांडा खाली ओढला. लाऊडस्पीकर मध्येच तुटला, पंखे मंदावत थांबले. मग त्यांनी पेटी उघडली, तिन्ही फ्यूज उपसून काढले, पर्समध्ये टाकले आणि चेन लावली. हेडसर दारात उभे होते.

"कुणीतरी येऊन दांडा वर करेल म्हणून," बाई म्हणाल्या. "दोष सापडेपर्यंत ही पर्स माझ्याकडंच राहील."

पाहुणे आले तेव्हा माईक नव्हता, पंखा नव्हता, दिव्यांची एकही कलाकृती पेटत नव्हती. पोरांनी केलेलं छोटं घर अंधारात होतं, ठिबकचा आपोआप चालणारा पंप गप्प होता. देणगीदारांच्या कपाळावर आठी. कारखान्यांची दोन माणसं घड्याळ पाहत होती. हेडसर घामाघूम. मी घसा ताणून स्वागत केलं, ते तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचलं नसेल.

बाई मांडवाच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "शाळेत करंट उतरलाय," त्यांनी मोठ्याने सांगितलं. "एका मुलीला झटका बसलाय, मुलगी ठीक आहे. माझे विद्यार्थी आता दोष शोधणार आहेत. कामं दाखवायची होती, ती बंद आहेत. हे मात्र बघू शकता."

"असलं काय बघायचं असतं का?" देणगीदार हेडसरांना म्हणाले. सगळ्यांना ऐकू आलं.

बाईंनी पोरांची तीन टोळकी केली. घाई नाही, आरडाओरडा नाही. एक टोळकं प्रत्येक प्लग काढत जाई, कोमलचं टोळकं प्रत्येक यंत्राच्या पिनेला आणि बॉडीला मीटर लावून तपासत जाई, तिसरं वहीत लिही. संगणक तपासले, काही नाही. कूलर, काही नाही. लाऊडस्पीकर, काही नाही. बारा वाजत आले. कारखान्यांच्या माणसांपैकी एक जण निघून गेला. मागच्या रांगेत आबा हातातली काठी उभी धरून बसले होते, एकटक नातीकडे बघत.

मांडववाल्याच्या तिसऱ्या पंख्याला मीटर लावला आणि तो वाजला. कोमलने पुन्हा लावला. पुन्हा वाजला. पंख्याच्या आत वायरीचं आवरण घासून गेलं होतं आणि तार पत्र्याला टेकली होती.

"सापडलं!" हेडसर जवळजवळ ओरडलेच. "काढा तो पंखा बाहेर. द्या फ्यूज."

"अजून नाही, सर," बाई म्हणाल्या. "पत्र्याला करंट आला की फ्यूज उडायला पाहिजे होता. तो का उडाला नाही?" त्या पोरांकडे वळल्या. "का उडाला नाही?"

पोरं वहीतले आकडे पुन्हा बघू लागली. देणगीदार उठून उभे राहिले होते. मग कोमल म्हणाली, एवढ्या हळू की पुढच्या रांगेलाच ऐकू गेलं, "अर्थिंग जमिनीत पोचत न्हाय, मॅडम."

अर्थिंगचा खड्डा कुठे होता ते फक्त शिपाईमामांना माहीत होतं. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात नवे पेव्हर ब्लॉक बसवले होते, खड्डा त्याखाली गेलेला. बाईंनी पहार मागवली. हेडसर म्हणाले, "ब्लॉक उखडायचे नाहीत." शिपाईमामांनी हेडसरांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि पहार मारली. देणगीदार गाडीत बसून निघून गेले.

सहावा ब्लॉक निघाला तेव्हा तार दिसली. काम करणाऱ्यांनी ती मध्येच तोडून, टोक वळवून, वर ब्लॉक बसवून टाकला होता. दिवाळीपासून शाळेला जमिनीचा आधारच नव्हता. कधीही, कुठलंही यंत्र बिघडलं असतं तरी हेच झालं असतं. विजेची गळती पकडणारा स्विच बसवावा म्हणून बाईंनी दोन अर्ज दिले होते, तेही मला त्या दिवशीच कळलं.

तार जोडून, खड्ड्यात पाणी ओतून, पुन्हा तपासून दीडच्या सुमाराला बाईंनी पर्सची चेन उघडली. दांडा वर गेला. कोमलने नळाला टेस्टर लावला. टेस्टर विझलेलाच राहिला. बाईंनी उलटा हात लावला, सुलटा लावला, ओंजळीत पाणी घेऊन प्यायल्या. मग फरशीवर भिंतीला टेकून बसल्या आणि दोन मिनिटं डोळे मिटून घेतले. ओढणीला माती लागली होती.

तुम्हाला वाटेल, आबांचं मन तिथेच बदललं असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण आबा जवळ आले ते संतापलेले.

"ह्या असल्या मरणाच्या कामात पोर घालू व्हय मी? आं?"

बाई उठून उभ्या राहिल्या. "आबा, मेंढरात लांडगा शिरायचा तेव्हा तुम्ही काय करायचा?"

"काय करनार? हुसकायचा."

"भीती नव्हती वाटत?"

"वाटायची की. पर आमाला ठावं हुतं त्याला कसं हुसकायचं त्ये."

"हिला पण तेवढंच ठावं करून द्यायचंय, आबा."

आबांनी पटका सारखा केला आणि फाटकाकडे चालू लागले. कोमल त्यांच्या मागे गेली. बाईंनी तिला हाक मारली नाही.

आता माझी गोष्ट. ती टाळून बाईंची सांगता येत नाही.

चार दिवसांनी एजन्सीने शाळेकडून अहवाल मागितला. हेडसरांनी मला बोलावलं. "तुमची भाषा चांगली आहे. जेवढं घडलं तेवढंच लिहा. पेव्हर ब्लॉकचं आत्ताच नको, संस्थेवर येईल. झटका बसलेल्या त्या पोरीचंही नको, पालक घाबरतील." माझी पर्यवेक्षकपदाची शिफारस त्याच टेबलावर, त्याच फायलींच्या गठ्ठ्यात होती. त्यांनी तिचं नावही काढलं नाही. काढायची गरज नव्हती.

मी लिहिलं: "प्रशिक्षिकेने मुख्याध्यापकांची पूर्वपरवानगी न घेता शाळेचा वीजपुरवठा खंडित केला व फ्यूज स्वतःच्या ताब्यात ठेवले. परिणामी कार्यक्रम विस्कळीत झाला व प्रमुख पाहुण्यांना समारंभ अर्धवट सोडून जावे लागले." शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. खाली सही केली.

बाईंचा करार वाढला नाही. शेवटच्या दिवशी त्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना भेटल्या. माझ्या हातात दहावीच्या पोरांची यादी दिली, प्रत्येकापुढे कुठला कोर्स, कुठली कागदपत्रं लागतील ते लिहिलेलं. "फॉर्मच्या वेळी एवढं बघाल ना, सर? विशेषतः जातीचे दाखले. ते ऐनवेळी मिळत नाहीत." मी हो म्हणालो. वर पाहायचं धाडस झालं नाही.

जूनमध्ये मी पर्यवेक्षक झालो. त्याच आठवड्यात आबा शाळेत आले.

"ती मॅडम कुठं हाय?"

"गेल्या, आबा."

"मग फारम कोन भरनार?"

मी खुर्ची पुढे केली. आबा खुर्चीवर टेकले. "पोरीनं घरातली समदी बटनं उघडून बघितली. हिरीवरच्या मोटारीच्या पेटीत उघडी वायर निघाली. तितं माझी सून रोज वल्या हातानं बटन दाबती. रोज." मग म्हणाले, "पोरीनं नीट करून दिली. आता न्हाय म्हनून काय करू?"

फॉर्म मी भरला. यादीत बाईंनी लिहिलं होतं तसाच. प्रवेश निश्चित करायला आम्ही तिघं एसटीने बारामतीला गेलो. काम झाल्यावर कोमलने पेढे घेतले आणि म्हणाली, "मॅडमच्या दुकानी जायचं." मी कारणं शोधत होतो, पण आबा काठी टेकत पुढे निघालेसुद्धा.

दुकानात वार्निशचा वास. बाई यंत्रापुढे बसून तारेचे वेढे घेत होत्या. आम्हाला पाहून मान हलवली, पण थांबल्या नाहीत. "मोजतेय," एवढंच. वेढे पूर्ण होईपर्यंत आम्ही तिघं उभे होतो. मग त्या उठल्या, कोमलला जवळ घेतलं, पेढा खाल्ला आणि लगेच म्हणाल्या, "वर्कशॉपला चपला घालून जायचं नाही. आधी बूट घे. आणि ओढणी नाही." आबांना त्यांनी स्टूल दिलं. वडील आतून पाणी घेऊन आले.

आबा आणि कोमल वडिलांशी बोलायला लागले तेव्हा मी बाईंजवळ गेलो.

"बाई, तो अहवाल मी लिहिला होता."

"वाचला होता," त्या म्हणाल्या. "एजन्सीने दाखवला."

"कधी?"

"जायच्या आधी. यादी द्यायच्या आदल्या दिवशी."

मी म्हणालो, "तुम्ही काही बोलला नाहीत."

"तुम्ही खोटं काही लिहिलं नव्हतं, सर." त्यांनी तारेचं टोक चिमटीत धरून सरळ केलं. "नळाचं लिहिलं नव्हतं. सानिकाचं पण नाही."

त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. वडिलांनी हाक मारली, त्या तिकडे गेल्या.

त्यानंतर मी किती दिवस घालवले ते सांगायला लाज वाटते. पावसाळा गेला, सहामाही झाली. आमच्या शाळेत वीजकामाला नवीन कुणी आलं नाही, प्रयोगशाळेला कुलूपच. दिवाळीच्या सुट्टीत मी एकदाचा बसलो आणि पुन्हा लिहिलं. सानिकाचा हात, ओल्या फरशीवरची रांग, बटण बंद केल्यावरही पेटलेला टेस्टर, ब्लॉकखालची तोडलेली तार, बाईंचे दोन अर्ज, आणि आधीच्या अहवालात मी हे गाळलं होतं ही गोष्टही. एक प्रत शिक्षण खात्याच्या पुण्याच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिली, पोच घेतली. एक एजन्सीला पाठवली. तिसरी घेऊन बारामतीला दुकानात गेलो.

यंत्रापुढची खुर्ची रिकामी होती. बाईंचे वडील एकटे मोटारीचं झाकण बसवत होते.

"ती न्हाय हितं," ते म्हणाले. "मराठवाड्यात गेली. आयटीआयला शिकवायला लागली. पोरी पण हायत म्हणं वर्गात, चार." ते सांगताना त्यांचा हात थांबला होता. मग माझ्या हातातल्या कागदाकडे लक्ष गेलं. "काय हाय त्ये?"

मी कागद दिला. त्यांनी हात फडक्याला पुसले, चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचायला लागले. एकेका ओळीखाली बोट सरकत होतं. पहिलं पान झालं, दुसरं झालं. बाहेर मार्केट यार्डाकडे जाणारे ट्रॅक्टर एकामागून एक जात होते. सहीपर्यंत येऊन ते थांबले. पुन्हा मागे गेले, एका ओळीवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"नळाला करंट हुता," त्यांनी सावकाश वाचलं. मग विचारलं, "येवढं लिवायला इतके महिने लागलं व्हय, सर?"

मी म्हणालो, "व्हय."